ज्याचं नाव मी टाकलं होतं

वाचा गेली त्या दिवसापासून मी देवाला हाक मारणं सोडलं होतं. आमचा खंडोबा. सांगोल्याच्या माळावर मेंढरं राखली तेव्हापासून दर रविवारी त्याचा भंडारा कपाळाला लावला, आणि म्हातारपणी अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यानं माझी जीभच काढून घेतली. मी तिसरी शिकलेला माणूस, पण गावच्या चावडीवर माझ्या शब्दाला वजन होतं. मग साधं पाणी मागायचं तर बोटानं दाखवायची पाळी आली. मग असल्या देवाशी कशाला बोलायचं? हे डाव्या हातानं लिहितोय, चार दिवस लागलेत, म्हणून खोटं लिहिणार नाही. राग होता, लई राग होता.

माझी सूनबाई सोलापुरात स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणजे वाचा अडलेल्यांना बोलायला शिकवते. झटक्यापासून मी तिच्याकडंच राहतो. सुनेपुढं बसून लहान पोरागत 'पा पा, मा मा' म्हणायचं मला हलकं वाटायचं. चार महिने मी तोंड फिरवून बसलो. ती रोज समोर खुर्ची मांडायची आणि "बरं मामा, उद्या बसू" म्हणून परत उचलून ठेवायची. तिनं हार मानली नाही म्हणून आज मोडकंतोडकं बोलतो.

यंदा ती थेरपिस्ट लोकांच्या जिल्ह्याच्या संघटनेच्या अध्यक्षपदाला उभी राहिली. वाड्यावस्त्यांवर माझ्यासारखी कितीतरी माणसं मुकी होऊन भिंतीला टेकून बसलीत, घरचे म्हणतात येडं झालंय. तिथं संघटनेनं महिन्यातून एकदा तरी जावं, एवढंच तिचं म्हणणं. तिच्यासमोर उभ्या होत्या एक जुन्या मॅडम, कितीतरी वर्षं त्याच अध्यक्ष. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण मनातून शिव्या घालत होतो.

सूनबाई नुसती फोनवर मत मागत होती. असं कुटं जिंकता येतं? आमच्याकडं मतदाराला भंडारा उचलायला लावतात. त्या हळदीला हात लावून शब्द दिला की माणूस फिरत नाही. मी कुणाला न सांगता सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबाला रिक्षानं गेलो आणि भंडाऱ्याची पुडी आणली. देवळात गेलो, पण देवाशी बोललो नाही.

मतदानाच्या सकाळी सूनबाई हॉलमध्ये आत गेली, मी दारातच खुर्ची टाकून बसलो. पहिली बाई आली. मी पुडी पुढं केली आणि आत सूनबाईकडं बोट दाखवलं. बाईनं हसून हळदीला हात लावला. दुसऱ्यानंही लावला. तिसरा मात्र थबकला.

"आजोबा, शपथ घालताय व्हय? ही निवडणूक हाय का जत्रा?"

त्यानं आत जाऊन तक्रार केली. निवडणुकीचं काम बघणारे सर बाहेर आले, मतदान थांबवलं. "आजोबा, हे करायला तुम्हाला सुनेनं सांगितलं का? सांगितलं असेल तर मला त्यांचा अर्ज बाद करावा लागेल."

न्हाय म्हणायचं होतं. पण झटक्यापासून मी घाबरलो की मान उलटी हलते. मान हलली ती 'व्हय' म्हणून. सरांच्या मागोमाग बाहेर आलेल्या सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. "मामा, असं काय करता?" मी तोंड उघडलं, तर 'म... म...' याच्या पुढं काही येईना. जोर लावावा तसं जास्तच अडत होतं. सगळी वाचेची डॉक्टर माणसं भोवती, आणि मी मधोमध मुका.

तेवढ्यात एक पांढऱ्या केसांच्या बाई पुढं आल्या. "सरका रे मागं, श्वास घेऊ द्या त्यांना." खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. पुडीतला भंडारा स्वतःच्या कपाळाला लावला, आणि माझ्या गुडघ्यावर हलका ताल धरून म्हणाल्या, "येळकोट येळकोट..." आणि थांबल्या.

"जय मल्हार!"

माझ्याच तोंडातून निघालं, स्वच्छ. दोन वर्षांत न घेतलेलं नाव. त्यांनी पुन्हा म्हटलं, मी पुन्हा पुरं केलं. मग म्हणाल्या, "आता ह्याच चालीवर सांगा काय ते. घाई नाही." मी त्याच चालीवर म्हटलं, "माझी चूक झाली. पोरीला ठावं न्हाय. हात लावला ते शपथेतून मोकळे."

बाई उठल्या. "सर, ऐकलंत ना? अर्ज राहू द्या." त्या आत गेल्या तेव्हा सूनबाई म्हणाली, ह्याच त्या मॅडम.

मतदान परत सुरू झालं, निवडून मॅडमच आल्या. परतताना रिक्षात मी खाली मान घालून बसलो होतो. सूनबाई रागवली नाही. म्हणाली, "मामा, तोंडपाठ असलेलं, चालीवरचं झटक्यानंतरही अडत नाही. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, येळकोटपासून सुरू करू. तुमी खुर्चीच ढकलली होती." आणि तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं, आणि रडूही.

सूनबाई आता संघटनेची वाट न बघता तिच्या सुट्टीच्या दिवशी वस्त्यांवर जाते. मी बरोबर जातो, मुक्या माणसासमोर बसतो आणि त्याचा शब्द येईपर्यंत गप राहतो. देवाकडं आता काही मागत नाही. त्यानं काय द्यावं, कुणाच्या हातून द्यावं, हे मी ठरवत बसलो होतो तोवर दार बंद होतं. वाचा धडधाकट होती तेव्हा उभ्या जन्मात 'माझी चूक झाली' हे माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. मल्हारीनं ते वदवून घेतलं, त्याचे उपकार कसे फेडू?