आवाज न करणारी गाडी आणि आमच्या आई

गाडी घेतली की लोक पेढे वाटतात. आम्हीही वाटले. पण पेढे संपून दीड वर्ष झालं आणि किस्से काही संपत नाहीत. नवऱ्याला कुणी विचारलं, "काय, हायब्रिड कशी आहे?" की तो ॲव्हरेज सांगतो. मला विचारलं तर मी सांगते, "बसा, चहा टाकते." कारण हे दोन मिनिटांत सांगून होणारं नाही, आणि यातलं सगळंच हसण्यासारखंही नाही.

आधी घरातली माणसं सांगते. नवरा सुहास, मुलगी रेवा, मी, आणि सासूबाई, म्हणजे आई. सासूबाईंना काचबिंदूमुळे गेली आठ वर्षं दिसत नाही. सासरे, म्हणजे अप्पा, तीन वर्षांपूर्वी गेले. कोथरूडला आमचा पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहे, आणि पार्किंग थेट आईंच्या खिडकीखाली. तिथे तेव्हा तीन गाड्या उभ्या असायच्या. अप्पांची जुनी डिझेल, माझी छोटी पेट्रोल आणि ही नवी.

*

पूर्वी आमच्याकडे ज्याची गाडी त्याने चालवायची असा साधा कारभार होता. हायब्रिड आली आणि सगळ्यांना तीच लागायला लागली. रेवाला वाघोलीला कॉलेजला जायला तीच, मला भाजीला तीच!

सुहास तर त्याच्याही पुढे. ही गाडी रांगत्या ट्रॅफिकमध्ये बॅटरीवर चालते, त्यामुळे कोंडीत पेट्रोल कमी जळतं. हे कळल्यापासून तो कोंडी शोधत जातो. मोकळा रस्ता समोर असताना त्याने एकदा गाडी लक्ष्मी रोडला घातली. तीही शनिवारी संध्याकाळी!

मी म्हटलं, "अरे, आपल्याला पोचायचंय कुठेतरी."

तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "पोचणार गं. पण अठ्ठावीसने पोचू."

त्या संध्याकाळी लग्नाचं जेवण आटपल्यावर आम्ही पोचलो. ॲव्हरेज मात्र खरंच अठ्ठावीस होतं.

*

गाडीच्या शांतपणाचा पहिला प्रसाद मला कसब्यात मिळाला. खरं तर तिथे गाडी न्यायचीच नसते. पण तांबट आळीत बंब दुरुस्तीला दिला होता, आणि तो काही पिशवीत घालून आणण्यातला नाही.

गल्ली अरुंद, पुढे एक आजोबा मधोमध चाललेले. कसब्यात म्हाताऱ्या माणसाला हॉर्न द्यायचा माझा धीर झाला नाही. म्हटलं, बाजूला होतील. अशी पाच मिनिटं मी त्यांच्या मागे हळूहळू जात राहिले. कंपनीने पादचाऱ्यांसाठी एक बारीक गुणगुण बसवली आहे, पण दोन्ही बाजूंनी तांब्यावर हातोडे पडत असताना ती कोण ऐकणार?

आजोबा सहज वळले. बॉनेट त्यांच्यापासून हातभर अंतरावर! ते भिंतीला टेकले, छातीवर हात ठेवून उभे राहिले आणि सावकाश माझ्या काचेपाशी आले.

"बाई, असं मागून न कळत यायचं काम यमाचं आहे. त्याचं त्याला करू द्या. तुम्ही हॉर्न वाजवा!"

मी हसले. घरी येईपर्यंत मात्र ते छातीवर ठेवलेले हात माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात.

*

दुसरा किस्सा आमच्या वॉचमनचा. तो जामखेडकडचा, गडी धीट.

एका दुपारी मी बँकेतून आले, गाडी लावली आणि वर दुसऱ्या मजल्यावर कुलकर्णीकाकूंकडे भिशीला गेले. इंजिनाचा आवाज नव्हताच, त्यामुळे गाडी बंद केली असं मी धरूनच चालले. केली नव्हती! किल्लीसुद्धा आतच, सीटवर राहिलेल्या पर्समध्ये. त्यामुळे गाडीनेही काही कुरकूर केली नाही. एसी लावून ती एकटीच थंड बसून राहिली.

अर्ध्या तासाने तिची बॅटरी उतरली आणि ती भरायला इंजिन आपलं आपण सुरू झालं. असं ही गाडी करते, हे मला माहीत आहे. वॉचमनला कुठलं माहीत असायला? तो नेमका शेजारी खुर्ची टाकून डबा खात होता.

दुसऱ्या मजल्यावर तो धापा टाकत आला. "ताई, खाली चला. गाडीत कुनी न्हाई आन् गाडी चालू हाय!"

मी समजावून सांगितलं. बॅटरी, इंजिन, सगळं. त्याने शेवटपर्यंत नीट ऐकलं आणि विचारलं, "ते समदं ठीक. पन तिला चालू हो म्हनलं कोन?"

त्याची खुर्ची आता गेटच्या पलीकडे असते.

*

आता आमच्याबद्दलच सांगते. कोजागरीच्या आधी आम्ही दोघं खडकवासल्याला गेलो होतो. चौपाटीच्या गर्दीपासून लांब, पाण्याच्या कडेने गाडी हळूहळू चालली होती. काचा खाली, इंजिन बंद, गाडी बॅटरीवर. पाण्याची चुळबुळसुद्धा ऐकू येत होती.

आणि मला एकदम जाणवलं की आम्ही दोघं काहीच बोलत नाही आहोत. वीस वर्षं गाडीत असंच असणार. पण तेव्हा मधे इंजिन बोलत असायचं, म्हणून कधी कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "सुहास, काहीतरी बोल ना."

तो दचकलाच. "काय बोलू?"

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? मी रेडिओ लावला.

*

पण या शांततेची खरी किंमत पडली ती आईंना.

आमच्या घरात घरच्या माणसाने बेल वाजवायची पद्धत नाही. आई गाडीच्या आवाजावरून कोण आलं ते ओळखायच्या, आणि आपण पायऱ्या चढेपर्यंत दाराची कडी काढून ठेवायच्या. माझ्या गाडीचा ब्रेक कुंईऽ करतो म्हणून मला, डिझेल घरघरली की अप्पांना, अप्पांनंतर सुहासला. दिसायचं बंद झाल्यावर तर हेच त्यांचं काम झालं. संध्याकाळी सगळे आत आले की त्या म्हणायच्या, "झालं, घर भरलं." मग देवापाशी दिवा लागायचा.

हायब्रिड आल्यापासून आम्ही परक्यासारखी बेल वाजवायला लागलो. नाहीतर आपल्या किल्लीने आत यायचो, आणि ते जास्त वाईट. एकदा सुहास आत येऊन त्यांच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "आई, औषध घेतलंस?"

त्यांच्या हातून जपमाळ पडली. चेहरा वळवून त्या हळूच म्हणाल्या, "तू कधी आलास? का गेलाच नव्हतास?"

सुहास हसला. मला हसू आलं नाही. कारण त्यानंतर त्या रिकाम्या खोलीत बोलायला लागल्या. "रेवा, तिथे बसली आहेस का गं?" रेवा वाघोलीत! "अनघा, पंखा कमी कर." आणि मी बँकेत! कोण घरात आहे आणि कोण नाही, हे त्यांना कळेनासं झालं होतं. माणूस असून दिसत नाही याची त्यांना सवय होती. आता माणूस नसूनही असल्यासारखं वाटायला लागलं होतं.

*

मधल्या काळात अप्पांच्या डिझेलला कुणी हातच लावेना. बॅटरी बसली. मग मुनीरभाई आले.

मुनीरभाईंचं गॅरेज आमच्या कोपऱ्यावर, अप्पांच्या काळापासून. नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस. बॉनेट न उघडता "फॅन बेल्ट" म्हणायचे आणि फॅन बेल्टच असायचा. त्यांना हौसेने हायब्रिड दाखवली. त्यांनी कान लावला, बराच वेळ लावला, आणि सरळ उभे राहिले. "वहिनी, ही काही बोलतच नाही. मी हिला काय विचारू?"

शेवटी डिझेल विकायचं ठरलं. नगरच्या बाजूचा एक गृहस्थ मिळाला आणि मुनीरभाईंनी स्वतः चालवत नेऊन ती त्याच्या अंगणात लावून दिली. निघायच्या आधी आईंनी बॉनेटवर हात ठेवला. विकू नका म्हणाल्या नाहीत. मी त्यांना तसं विचारलंही नाही, याचं मला वाईट वाटतं.

*

आठवडाभराने, संध्याकाळी सव्वासहाला, आई उठल्या, भिंत चाचपत गेल्या आणि कडी काढली. "आले," म्हणाल्या.

"कोण आलं?"

"अगं, डिझेल लागली ना खाली."

खाली काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला परत कडी. तिसऱ्या दिवशीही! तिन्हीसांजेला आमचं दार सताड उघडं, आणि दारात आई, तोंडावर इतकं समाधान की बघवत नव्हतं.

सुहास घाबरला. एकदा घरात कुणी नसताना त्या पायऱ्या उतरून पार्किंगपर्यंत गेल्या होत्या आणि वॉचमनने त्यांना हाताला धरून वर आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात भास होतात, एकटं ठेवू नका. मग वाघोलीच्या पुढच्या एका केंद्राची माहिती घरात आली. अशा माणसांची तिथे चांगली सोय असते म्हणे. दाराला बाहेरून कुलूप असतं.

आईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यांचे कान! रात्रीच्या जेवणात त्या एवढंच म्हणाल्या, "मला वेड नाही लागलं रे, सुहास. मला फक्त ऐकू येतं." सुहासने मान खाली घातली. आणि ती मान त्यांना दिसत नव्हती, म्हणून त्या उत्तराची वाट पाहत राहिल्या.

*

आता शेवटचा.

रविवार होता. मुनीरभाई माझ्या गाडीचे वायपर बदलायला आले होते, ते झाल्यावर आत येऊन बसले. मी चहा ठेवलेला. सुहास खिडकीपाशी फोनवर, त्या केंद्राच्या माणसाशी बोलत होता. "हो, बुधवारी घेऊन येतो. कपडे किती द्यायचे?"

आई उठल्या. "आले," म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या.

सुहासने फोनवर हात ठेवला. "आई, बस ना. कुणी नाही आलं."

मी मुनीरभाईंकडे बघितलं, जरा ओशाळून. बिस्किटाचा तुकडा त्यांच्या हातात तसाच राहिला होता. मान एका बाजूला झुकलेली, कुठलीही गाडी ऐकताना झुकते तशी.

"इंजिनाचे टॅपेट वाजतायत," ते म्हणाले. "तरी मी म्हणत होतो, विकायच्या आधी सेट करून घेऊ."

मला फक्त पंखा ऐकू येत होता. मी खिडकीतून वाकून बघितलं. माझी गाडी आणि हायब्रिड, दोन्ही जागच्या जागी, बंद. माझ्या बॉनेटवर मांजर झोपलेलं. त्याने कानसुद्धा हलवला नाही.

"थांबा," मुनीरभाई म्हणाले, "बंद करायच्या आधी एकदा रेस देतील. हजारदा सांगितलं साहेबांना, नका देत जाऊ."

आईंनी कडीवर हात ठेवूनच मान डोलावली. मग दोघांचेही खांदे एकाच क्षणी सैल पडले, एखादा मोठा आवाज थांबल्यावर पडतात तसे.

मुनीरभाईंनी बिस्किट बशीत ठेवलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू उतरला. "वहिनी, ती गाडी तर मी स्वतः..." ते म्हणाले.

फोनमधून तो माणूस "हॅलो, हॅलो" करत होता. सुहास म्हणाला, "बुधवारी नाही जमणार," आणि फोन ठेवला.

आईंनी कडी काढली, दार पूर्ण उघडलं आणि कुणाला तरी वाट द्यावी तशा थोड्या बाजूला सरकल्या. मग माझ्या दिशेने वळून म्हणाल्या, "अनघा, एक कप वाढव गं. बिनसाखरेचा वेगळा काढ."

आमच्यात आता बिनसाखरेचा चहा कुणी पीत नाही. मी काढला.