वर्षश्राद्धाची वरात

वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी घोडीवर बसलो होतो. मुद्दाम नव्हे.

माझे वडील, अण्णा, शिरूर कासारच्या लग्नांत क्लॅरिनेट वाजवायचे. त्या काळी आमच्याकडच्या बँडवाल्यांनी रेकॉर्डवर ऐकलेला जॅझ उचलून थेट वरातीत घुसवला होता. पुण्यातला एक तरुण स्विंग बँड, म्हणजे नाचरा जॅझ वाजवणारा, आता तशा जुन्या चाली शोधून वाजवतो. मी त्यांना अण्णांची स्वरांची वही पाठवली. "त्यांच्या गावातच वाजवू," असं उत्तर आलं आणि मी हरखलो. देवळाचा मंडप, खुर्च्या, शांत श्रोते! (मी ग्रंथपाल आहे. माझ्या कल्पनेची झेप शांत श्रोत्यांपलीकडे जात नाही.)

हे सगळं आईसाठी होतं, आणि आईच तयार नव्हती. अण्णा गेल्यापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. "मी न्हाई येत. तुमी ऐका."

बापूकाकांना मी एवढंच सांगितलं, "रविवारी बँड येतोय." चूक इथेच झाली! आमच्याकडे बँड बसून वाजत नाही. बँड आला की मारुतीपर्यंत मिरवणूक, आणि मिरवणूक म्हटली की घोडी. काकांनी घोडी सांगून टाकली!

रविवारी मंडपात कलाकारांनी नुकते सूर जुळवले होते, तोच काका गरजले, "बसलात का म्हून? उठा, चला!"

"काका, ही मैफल आहे!"

"आसंल. मारुती तिकडं गावाच्या टोकाला हाय."

माणसाहून उंच तंतुवाद्य, बेस, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढला. ड्रम हातगाड्यावर. घोडी रिकामी नेली तर अपशकुन! म्हणून मला वर ढकललं आणि मांडीवर अण्णांचा हार घातलेला फोटो दिला.

"नवरदेव लई थोराड दिसतो," एक पाहुणा म्हणाला. "बिजवर हाय का?"

मारुतीची वाट आमच्या दारावरून जाते. तिथंच बँडनं अण्णांची चाल धरली. ट्रॉली डुलली, गल्ली नाचायला लागली. वडिलांच्या श्राद्धाचा तमाशा केला म्हणून आई आता आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाही, या भीतीनं मी मान खाली घातली. वर पाहिलं, तर आई उंबऱ्याबाहेर! तोंडाला पदर. रडतेय की हसतेय, कळेना.

ती घोडीजवळ आली. फोटोची काच पदरानं पुसली.

"जलमभर दुसऱ्यांच्या घोडीम्होरं चालले," ती म्हणाली. "आज बसले बग."

मी वाकून काही बोलणार, तोच ती म्हणाली, "कसे ताठ बसलेत! तू का म्हून लोंबतोयस रे? पडशील!"

आणि मी पडलो. बापूकाकांनी झेप घेऊन अचूक झेललं. फोटोला!

आई बँडबरोबर थेट मारुतीपर्यंत चालत गेली. मी मागून, लंगडत. तालात मात्र होतो, असं ड्रमवाला म्हणाला.