दसऱ्याचं ऑइल

आमच्या घरी मोटारसायकलचं ऑइल दसऱ्याच्या आदल्या दिवशी बदलतं. किलोमीटर बघायची पद्धत आमच्याकडे नाही. ही रीत बाबांनी पाडली. दसऱ्याला आईला मागे बसवून ते नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, आणि एवढं लांब जायचं म्हणून आदल्या दिवशी न चुकता ऑइल बदलून घ्यायचे. बाकीचं वर्ष गाडी घरातून धानाच्या बांधीवर, म्हणजे भाताच्या शेतावर, आणि बांधीवरून घरी एवढीच फिरायची, त्यामुळे ते ऑइल तिला पुरून उरायचं.

बाबा गेले, गाडी माझ्याकडे आली आणि तिच्यासोबत रीतही आली. फरक एवढाच, की मी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये नोकरीला आहे आणि भंडाऱ्याजवळच्या आमच्या गावाहून रोज गाडीने जाणं-येणं करतो. बाबांची गाडी वर्षभरात जेवढी फिरायची, तेवढी माझी दोनेक महिन्यांत फिरते. हे गणित शाळेतल्या पोरालाही जमलं असतं. मला जमलं नाही, कारण मी या विषयातला जाणकार होतो.

मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले, की ऑइल कधी बदलायचं यावर हमखास वाद व्हायचा. कोणी अडीच हजार किलोमीटर म्हणायचा, कोणी तीन, कोणी म्हणायचा काळं पडलं की बदला. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचो आणि शेवटी निकाल द्यायचो, की हे सगळे ऑइल विकणाऱ्यांचे धंदे आहेत. इंजिनाला काय हवं ते इंजिन स्वतः आवाजातून सांगतं, फक्त ऐकणारा कान पाहिजे. तो कान कोणाचा, हे मी बोलून दाखवत नसे, पण चेहरा तसा करायचो. गाडी चालवताना मी खरोखरच मान किंचित तिरपी करून आवाज ऐकायचो. दसऱ्याला आई मागे बसून काही बोलायला लागली, की तिलाही म्हणायचो, थांब जरा, आवाज ऐकू दे.

यंदा पोळा झाला आणि थोड्याच दिवसांनी, सकाळी मिलला जाताना, मोहाडीच्या अलीकडे माझी गाडी एकदम जखडली. मागचं चाक घासत गेलं, मी कसाबसा पडता पडता वाचलो, आणि मग सगळं शांत. माझ्या तयार कानाने तोवर काहीही ऐकलं नव्हतं. गाडी ढकलत निघालो तर मिलमधलाच एक जण मागून आला. माझ्याजवळ येऊन त्याने वेग कमी केला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "कसा आवाज येऊन राहिला भाऊ?" दोरी आणतो म्हणून सांगून तो पुढे गेला. दोरी त्याने आणली, पण बातमी मिलमध्ये पोचवूनच.

मेकॅनिकने इंजिन उघडलं. आतून निघालं त्याला ऑइल म्हणणं म्हणजे डांबराला काकवी म्हणणं झालं. पिस्टन आत चिकटून बसला होता. सिलिंडरचं बोअर करावं लागलं, पिस्टन नवा टाकावा लागला, आणि सुटे भाग येता येता दसरा तोंडावर आला. गाडी हातात देताना मेकॅनिकने बजावलं, की नवं काम आहे, काही दिवस हळू चालवा, डबलसीट लांब तर अजिबात नेऊ नका.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. बाबा गेल्यावर आईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. दसऱ्याला मले गाडीवर नेत जा, म्हणाली होती. बाकी ना साडी, ना तीर्थ, ना दवाखाना. दसऱ्याच्या आठ दिवस आधीच तिची पांढरी साडी धुऊन, घडी करून तयार असायची. आणि मी, आवाजावरून इंजिन ओळखणारा, तिची ती एकच गोष्ट घालवून बसलो होतो. दोन दिवस टाळून शेवटी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बसने जाऊ. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

भंडाऱ्याहून बस मिळाली, गर्दी असूनही दोघांना जागा मिळाली. बस सुटल्या सुटल्या मी सुरू केलं, की पुढच्या वर्षी काही झालं तरी तुला गाडीवरच नेईन. आई खिडकीबाहेर पाहत होती.

"गाडीचं काय घेऊन बसला तू?" ती म्हणाली. "माही कंबर दुखे तिच्यावर. गावाच्या बाहेर पडलं का दुखे."

मी विचारलं, "मंग दरसाल काहून बसत होती?"

"तुहे बाबा गाडीवरच बोलत. घरी मुके. पण गाडीवर बसले का नागपूर येतवरी तोंड बंद नाही. धानाचं सांगत, लहानपणचं सांगत, कायबी सांगत." मग म्हणाली, "तू बी घरी तसाच. मले वाटलं, गाडीवर बोलशीन."

गाडी जखडली तेव्हा लाज वाटली होती, पण ती मिलमधल्या लोकांपुढची. ही वेगळीच होती. आता तरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर विषय सुचेना. शेवटी येत होतं तेच बोललो. पिस्टन कसा चिकटला, ऑइल आत नेमकं काय करतं, जुनं झालं की घट्ट का होतं. आई "हव, हव" करत ऐकत होती. वाटेतलं मौदा गेल्यावर माझं बोलणं संपत आलं, तर तिने विचारलं, "मंग ते ऑइल बदलाचं कधी?"

तिला ऑइलशी काही देणंघेणं नव्हतं. मी बोलत राहावं म्हणून ती विचारत होती, हे मला कळत होतं. मी सांगत राहिलो.