आवाज करणारा कॉम्प्युटर

"थांबा. आधी ऐकू द्या."

असं म्हणत मामा वीतभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढायचे, त्याचं टोक चालू मशीनला टेकवायचे आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. बेअरिंग राहणार की जाणार, हे त्यांना त्या लाकडी मुठीतून कळायचं. वाळूजच्या कारखान्यांत असे जुने फिटर तुम्हीही पाहिले असतील. आमच्या कंपनीत वयानं मोठ्या कामगाराला सगळे मामाच म्हणतात, पण नुसतं 'मामा' म्हटलं की हेच. कंपनीचं नाव सांगत नाही. माझा पगार अजून तिथूनच होतो.

मी एचआरमध्ये कारकून. बजाजनगरात त्यांची खोली खाली, माझी वर. एकदा माझ्या मिक्सरलाही त्यांनी कान लावला आणि म्हणाले, "आठ दिवस." सातव्या दिवशी चटणी वाटताना मिक्सर बसला. त्यांनीच दृष्ट लावली असावी तशी मी उगाच त्यांच्यावर फणफणले, तर त्यांनी रविवारी तो उघडून दुरुस्त करून दिला. वर मलाच चहा पाजला.

मग शॉपच्या, म्हणजे मशिनांच्या शेडच्या, अर्ध्या भागात निळी ताडपत्री लागली. आत कॉम्प्युटरवर चालणारी नवी लाइन बसत होती. बाहेरची जुनी मशिनं आठवड्याला एक अशी ट्रेलरवर चढून जात होती. कुठं जातात, कुणी विचारत नव्हतं. एका दुपारी मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ताई, शॉपचा आवाज बदललाय. कुणी बोलत नाय, पण लई बदललाय."

मी म्हटलं, "काहीतरीच तुमचं." आणि समोरचे कागद नीट लावायला लागले.

त्याच आठवड्यात नोटीस लागली. तीन महिन्यांत जो कॉम्प्युटरची परीक्षा पास होईल, त्याचा नव्या लाइनसाठी विचार होईल. नोटीस मीच टाइप केली होती. आणि त्याच्या चार दिवस आधी आणखी एक यादी मी टाइप केली होती, घरी पाठवायच्या लोकांची. तीत सतरावं नाव मामांचं होतं.

"ताई, एक कॉम्प्युटर घ्यायचाय," मामा म्हणाले. "नऊ हजारांच्या वर नाय जमायचं. तुम्ही चला संगं. बावन्न वय हाय माझं, आता दुसरीकडं कोण उभं करणार?"

आता बोला, तुम्ही काय केलं असतं? मला नव्या घरासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता दिसला. साहेबांनी "ही यादी बाहेर गेली तर तुमचं नाव खाली जोडा" असं हसत हसत सांगितलं होतं, ते हसू दिसलं. मी एवढंच म्हटलं, "घाई काय आहे मामा? दिवाळीनंतर घ्या."

"दिवाळीनंतर परीक्षा घेणार हाय का तुमचा साहेब?"

रविवारी आम्ही पैठण गेटजवळच्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. कुठल्या कुठल्या ऑफिसांतून निघालेले काळे डबे एकावर एक रचलेले. मी वाटेतही दोनदा म्हणून पाहिलं, "नका घेऊ, मी ऑफिसात शिकवते." त्यांना वाटलं, मी त्यांच्या पैशांची काळजी करतेय.

एकाच किमतीचे दोन डबे दुकानदारानं लावून दाखवले. "चाचा, ये एसएसडीवाला लेलो. मक्खन चलता, आवाज बिलकुल नहीं." तो झटकन सुरू झाला. दुसरा जुन्या हार्ड डिस्कचा, सुरू व्हायलाच तीन मिनिटं, आतून घरघर. मीही म्हटलं, "मामा, पहिला घ्या. शहाणपणाचं तेच आहे."

मामांनी स्क्रू ड्रायव्हर काढला. दुकानदार बघतच राहिला. पहिल्या डब्याला त्यांनी बराच वेळ कान लावला आणि मान हलवली.

"काहीच सांगत नाय हे. मुकं मशीन नको घरात. मुकं असतं ते न सांगता मारतं."

त्यांनी घरघरणारा उचलला.  मी बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिले.

घरी नेल्यावर पहिल्यांदा त्यांनी डब्याचे सगळे स्क्रू आवळले. "चार ढिले व्हते!" मामींनी हळदकुंकू वाहिलं. मग रोज माझं ऑफिस सुटलं की शिकवणी. बोटं अशी जाड, की एक अक्षर दाबावं तर शेजारचंही उमटायचं. दोनदा क्लिक करा म्हटलं की हातोडीचे घाव घातल्यासारखं एक, मग थांबून दुसरं. मी ओरडायचे. ते निमूटपणे पुन्हा करायचे. दीड महिन्यात त्यांना रकाने भरता यायला लागले, आणि माझा धीर सुटायला लागला. प्रत्येक धड्यानंतर वाटायचं, आज सांगू. मामी चहा आणायच्या आणि मी चहा पिऊन वर जायचे.

परीक्षेत मामांना पन्नासपैकी एक्केचाळीस पडले. पेढे घेऊन ते ऑफिसात आले, पहिला पेढा मला. त्या दिवशी मी हिंमत करून साहेबांना म्हटलं, "हे पास झालेत, साहेब."

"मॅडम, परीक्षा घेतली हे कागदावर दिसायला हवं होतं, एवढंच. यादीतल्यांची पत्रं काढा."

सतरावं पत्र प्रिंटरमधून निघालं. मी ते उचललं. सहीसाठी पाठवलं.

आठवड्यानं पत्रं मिळालेल्या सगळ्यांना स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज कॉम्प्युटरवर भरायला बोलावलं. बाकीच्यांचे अर्ज मी भरत होते. मामांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "सरका ताई, मी भरतो."

दोन बोटांनी, एक चूक न करता, त्यांनी नाव लिहिलं, कामगार म्हणून मिळालेला तिकीट नंबर लिहिला, गाव देवगाव रंगारी लिहिलं. कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय होते: प्रकृती, कौटुंबिक, वैयक्तिक. त्यांनी तिन्ही वाचले. मग स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं,

"तुम्ही घेऊ नका, घेऊ नका करत व्हत्या. तवाच यादीत आलं व्हतं व्हय नाव?"

"हो, मामा."

"मग शिकवलं कशापायी?"

 त्यांनी 'वैयक्तिक' निवडलं, सगळे रकाने पुन्हा वरपासून तपासले, बटण दाबलं आणि खुर्ची मला मोकळी करून दिली.

दहा दिवसांनी खाली टेम्पो लागला. मी गॅलरीत उभी होते, खाली उतरायचं धाडस नव्हतं. कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून मामांनी स्वतः पुढं, सीटजवळ ठेवला. त्यांनी वर पाहिलं नाही. मामींनी मात्र पाहिलं, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ताई, गावाकडं या बरं का! तुमच्यासारखं माणूस नाय बघा. तुमच्यामुळं शिकले हे."

मामांनी घरी माझ्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.