दिवसा न दिसणारी आग

हिराची वाढवण, म्हणजे खराटा, हातभर पुढे धरून गाडीभोवती फिरणारा गॅरेजवाला तुम्ही कधी पाहिलाय? जामसंड्यात आम्ही पाहायचो. मेस्त्री आधी झाडूचं टोक पुढे करायचे, जरा थांबायचे आणि मगच पाऊल टाकायचे. बघणाऱ्याला वाटावं, गाडीची दृष्ट काढतायत.

"मेस्त्री, मीठ-मिरच्या हाडू काय?" आमच्यातला कुणीतरी विचारायचाच.

"हसा," ते म्हणायचे. "माझो पाय पेटण्यापरास वाढवण पेटलेली बरी."

मेस्त्री भित्रे होते, हे सगळ्या बाजारपेठेला माहीत होतं. कुत्र्याला भ्यायचे, विजेला भ्यायचे. त्यांची बहीण देवबागला राहायची. तिच्या अंगणातून समुद्र दिसतो म्हणून हे तिच्याकडे गेले की मागच्या पडवीत बसायचे. पण इंजिनाला त्यांनी कान लावला की बरं नसलेलं मूल आईपाशी गप्प व्हावं तसं ते ताळ्यावर यायचं.

पावसाळा सरला की आमच्या सड्यावर, गावाबाहेरच्या कातळमाळावर, मातीतल्या शर्यती होतात. जुन्या छोट्या गाड्या सोलून घ्यायच्या, आत लोखंडी पिंजरा बसवायचा आणि तांबड्या धुळीत गोल गोल पळवायच्या. आमची गाडी मी चालवायचो. दरवर्षी घाटावरची एक टीम आम्हाला मागे टाकायची. त्यांच्या गाडीत पेट्रोल नव्हतं, मिथेनॉल होतं. ही एक जातीची दारूच, पण प्यायली तर माणूस आंधळा होतो. इंजिनाला मात्र मानवते. इंजिन थंड राहतं, जोर वाढतो. इंजिनाला ते दुप्पट लागतं, रबराच्या नळ्या खातं, पण जिंकून देतं. आम्हालाही तेच हवं होतं.

मेस्त्रींनी वाद घातला नाही. भर दुपारी गॅरेजसमोरच्या उन्हात एक पत्र्याची ताटली ठेवली, तिच्यात थोडं मिथेनॉल ओतलं आणि काडी टाकली. आम्ही वाट बघत राहिलो. ज्योत नाही, धूर नाही. "विझली," मी म्हटलं. त्यांनी फणसाचं एक वाळलेलं पान ताटलीवर धरलं. ते आपोआप वळलं, काळं झालं आणि गळून पडलं.

"पेट्रोल पेटला तर दिसता," मेस्त्री म्हणाले. "पळाक तरी गावता. ह्या दिसणा नाय. तू पट्टे बांधून गाडीत बसतलंस, आनी आग खंयसून इली ता तुका कळाचा नाय."

"मग नको म्हणता?"

"माका भय वाटता, इतक्याच सांगतंय. तुमी ऐकणार नाय. दुसरो कोण तरी करतलो आनी चुकतलो. त्यापेक्षा मीच करतंय."

त्यांनी कार्बुरेटर बदलला, नळ्या बदलल्या. पाण्याने भरलेली पिंपं गाडीशेजारी असल्याशिवाय मिथेनॉलचा कॅन उघडायचा नाही, असा नियम केला. ही आग पाण्याने विझते, तेवढंच तिच्यात चांगलं. वाढवण पुढे धरून गाडीभोवती फिरणंही तेव्हापासूनचं. मी रोज रात्री अंथरुणात पडल्यावर ते पान बघायचो.

शर्यतीच्या दिवशी ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. मी पट्टे बांधून, हेल्मेट घालून आत बसलो. मेस्त्रींनी टाकी भरली. नरसाळ्यातून थोडं सांडलं, त्यांच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. पुढे, चांगलं लांब, गावचे मानकरी गावकरकाका यांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. कापूर लागला आणि आरतीचं ताट माणसांतून फिरायला लागलं.

ताट मेस्त्रींपुढे आलं. पन्नाशी उलटलेला माणूस. जन्मभर जे केलं तेच त्याने केलं. दोन्ही तळवे ज्योतीवर धरले आणि तोंडावरून फिरवायला उचलले.

मला हेल्मेटच्या काचेतून ते दिसले. हात तोंडापाशी पोहोचलेच नाहीत. मेस्त्री थरथरायला लागले. हात झाडत, उड्या मारत, गोल फिरत सुटले. कुठे ज्वाळा नाही, धूर नाही, लख्ख ऊन. माणसं मागे सरली आणि सगळ्यांनी हात जोडले.

"अवसार इलो," कुणीतरी म्हणालं. देव अंगात आला.

मी आतून ओरडलो. माझा आवाज हेल्मेटमध्येच घुमला, बाहेर कुणाला ऐकू गेला नाही. घामेजल्या बोटांनी पट्ट्याचं कुलूप उघडेना. त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही. समोर माणूस जळत होता आणि त्याच्या शेजारची एक म्हातारी पदर पसरून त्याला विचारत होती, "देवा, माझ्या झिलाचा लगीन खंय अडला?"

"आग! माका आग लागली!" मेस्त्री ओरडले. माणसांनी इकडेतिकडे बघितलं. आग कुठेच नव्हती. दोघे त्यांना मदत करायला पुढे झाले, तर गावकरकाकांनी त्यांना हात आडवा केला. अवसारातल्या माणसाला शिवायचं नसतं.

मग मेस्त्री थांबले. कसे थांबले, मला कळत नाही. जळते हात त्यांनी वर उचलले आणि कधीच कुणी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "माका पाणी व्हया. न्हाणवा माका."

माणसं गाडीकडे धावली, पिंपंच्या पिंपं रिकामी झाली. म्हातारीनेसुद्धा ओंजळ घातली.

मेस्त्री वाचले. हातांची कातडी मात्र गेली. बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत, पान्हा धरता येईना. आमची गाडी परत पेट्रोलवर आली, माझ्याच सांगण्यावरून. पावसाआधी मी त्यांच्या घरी गेलो, तर दारात बायका नारळ घेऊन बसलेल्या. एकीने ताटात कापूर लावला आणि त्यांच्यापुढे ओवाळायला धरला. मेस्त्री भिंतीला टेकून उभे होते. कपाळावर घाम, दोन्ही हात पाठीमागे धरलेले. पण ते हलले नाहीत.

बायका निघाल्यावर मी म्हटलं, "मी सांगू काय त्येंका? देव नव्हतो म्हणून?"

"नको रे."

"मेस्त्री, तुमी भियाताय. माका दिसता."

"भियातंय तर खरा," ते म्हणाले. "पण तू सांगितलंस, तर परत कोण असो पेटलो की लोक आधी आग शोधीत रवतले. रवांदे. अवसार समजान पाणी तरी घालतले."

त्याच पावसात ते कायमचे लेकीकडे बेळगावला गेले. निघताना मला हात करायला म्हणून त्यांनी तो वर उचलला, आणि रस्त्यापलीकडच्या दोन बायकांनी लगेच पदर सावरून नमस्कार केला.