हरिबाचं घोंगडं आणि तीन गोळ्या

हरिबा मेटकरी म्हणजे एक नंबरचा हट्टी धनगर. बेचाळीसच्या चळवळीनंतर दोन वर्षं पोलीस खानापूरचा माळ पिंजून काढत होते आणि हा गडी भूमिगतांना आपल्या मेंढवाड्यात खुशाल झोपवत होता. शेवटी फौजदारानं त्याची एकशे बारा मेंढरं चावडीपुढच्या कोंडवाड्यात डांबली. माणसं कुठं लपलीत ते सांग, नाहीतर ही पाण्यावाचून मरतील. फाटकाला हात लावलास तर गोळी घालीन, असं बजावलं. दोन दिवसांत चार कोकरं मेली.

"मी फाटक उघडणार," हरिबा म्हणाला. "माझ्या घोंगड्यातनं गोळी जात न्हाई."

त्याला तिळमात्र शंका नव्हती. बायकोनं, सुलाबाईनं कातलेली लोकर, वर चिंचोक्याची खळ. लांडग्याचा दातसुद्धा त्यात शिरला नव्हता. मग गोळीची काय मिजास? आमच्याकडचा धनगर एक वेळ देवावर शंका घेईल, घोंगड्यावर घेणार नाही.

भूमिगतांतला लालासाहेब पलटणीतून रजेवर आला तो परत गेलाच नव्हता. त्याच्याकडं पिस्तूल होतं, गोळ्या मात्र तीनच.

"आबा, आदी बघू, मग जावा," तो म्हणाला.

दोघं ओढ्याच्या घळीत गेले. पहिली गोळी जुन्या दाराच्या फळीतून आरपार गेली. दुसरी ज्वारीच्या पोत्यात शिरली आणि आतच राहिली. हरिबा खूश झाला. पोत्याला जमतं ते घोंगड्याला न जमायला काय झालं, म्हणत त्यानं आठपदरी घडी घालून ते स्वतः निवडुंगावर टांगलं.

तिसरा बार निघाला. निवडुंगातून पांढरा चीक गळायला लागला. हरिबानं घडी उलगडली. आठही पदरांना भोक. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

"पोतं बांदा आता पोटाला," लालासाहेबानं चेष्टा करून पाहिली.

"आन चालू कसा गड्या?"

"मग ऱ्हाऊ द्या. जाऊ नगा."

हरिबानं डोळे पुसले. "घोंगड्यानं दगा दिला, पर मेंढरं तानलेलीच हायत की."

भर दुपारी तो उघड्या अंगानं निघाला. सुलाबाई घोंगडं घेऊन मागं धावली. "आवं, ह्ये तरी घ्या."

"त्येचा उपेग न्हाई. बघितलंय म्या."

चावडीपुढं माणसं जमली. फौजदारानं पिस्तूल रोखलं. हरिबानं त्याच्याकडं पाहतच फाटकाची कडी काढली.

"सायेब, गोळी काय करती ते मला चांगलं ठावं हाय. घाला."

फौजदाराचा हात वर तो वरच राहिला, चाप काही त्याला ओढवेना. एकशे आठ मेंढरं बाहेर पडेपर्यंत हरिबा छाती चावडीकडं करून फाटकात उभा होता. शेवटचं लंगडं मेंढरू ओढ्याच्या वाटेला लागलं, तेव्हा कुठं त्यानं फौजदाराकडं पाठ केली.