गारांच्या द्राक्षांची वाइन

आत्याची बाटली नाताळच्या आठ दिवस आधीच आमच्या घरी येऊन पोचली. आत्याचे यजमान बँकेच्या कामासाठी मुंबईहून नाशिकला आले होते. त्यांनी ती वर्तमानपत्राच्या चार पदरांतून सोडवून टेबलावर ठेवली आणि सोबतची चिठ्ठी आईच्या हातात दिली. त्या काळी बाटली विकत घ्यायची तर परमिट लागे आणि परमिट मिळे ते प्रकृतीच्या कारणाने. त्यामुळे काका सरकारदरबारी कायमचे आजारी होते आणि दिसायला कमालीचे ठणठणीत. चिठ्ठीत आत्याने लिहिले होते, "वहिनी, यंदा जेवण तुमच्याकडे, म्हणून वाइनचं मी बघते. तुम्ही उगाच त्रास घेऊ नका."

काका गेल्यावर आईने चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली आणि पिठाच्या डब्याखाली सरकवली.

"त्रास घेऊ नका म्हणे," ती मला म्हणाली. "मार्चपासून घेतलाय तो काय परत करू?"

मार्चमध्ये गारा पडल्या होत्या. पप्पा ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका सहकाऱ्याचा द्राक्षांचा बाग गारांनी झोडपला होता. फुटलेल्या मण्यांना व्यापारी हात लावीनात, म्हणून त्याने कारखान्यातल्या मंडळींना ती जवळजवळ फुकटच वाटली. पप्पांनी दोन पाट्या आणल्या. काळी, बियांची द्राक्षे होती ती. मण्यांच्या साली उकललेल्या, आत रस असा चमकत होता जणू प्रत्येक जखमेत एकेक दिवा ठेवला आहे. घरभर मधासारखा आणि किंचित ओल्या मातीसारखा वास पसरला, आणि तीन दिवस आमच्या खिडक्यांवर मधमाश्यांनी धरणे धरले.

आईने ती सगळी हातांनी चुरली. कोपरापर्यंत जांभळी झालेली आई मला अजून दिसते. सगळे जण वाइनच्या बरणीत मूठभर गहू घालतात. आई घोटीकडची, भाताच्या शिवारातली. तिने माहेरचा हातसडीचा तांदूळ घातला, पाच लवंगा घातल्या आणि साखर मात्र हात आखडून घातली, कारण साखर रेशनवर मिळे आणि नाताळच्या फराळासाठी ती महिनोन् महिने साठवावी लागे. मग एकवीस दिवस रोज सकाळी लाकडी डावाने ती बरणी ढवळत राहिली. कान लावला की बरणीतून बारीक सळसळ ऐकू येई, वाळक्या पानांवर मुंग्या चालाव्यात तशी. पुढे मलमलीतून गाळून भरलेल्या बाटल्या खाटेखाली अंधारात गेल्या आणि अख्खा पावसाळा तिथेच राहिल्या.

हे सारे कशासाठी, ते मला ठाऊक होते. नाताळचे जेवण दर वर्षी मुंबईला आत्याकडे होई. आदल्या वर्षी आईने आपल्या हातची एक बाटली तिकडे नेली होती. आत्याने ती उजेडाकडे धरली, हुंगली आणि म्हणाली, "वा वहिनी, केकची फळं भिजवायला काय छान झालीय!" आणि खरोखरच फळांच्या पातेल्यात ओतली. टेबलावर ग्लास मांडलेले होते.  परतीच्या गाडीत कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत आई खिडकीबाहेर पाहत होती. यंदा जेवण आमच्या घरी होते, टेबल आमचे होते, आणि आईला त्या टेबलावर आपली बाटली हवी होती. एवढेच. ती तसे म्हणाली मात्र कधीच नाही.

पप्पांना ते कळत होते, पण पप्पा तपासणी विभागातले होते. विमानाचा सुटा भाग हातात आला की तो कोणी घडवला हे त्यांना दिसायचे नाही, नव्हे, दिसता कामा नये, अशी त्यांची धारणा. त्यांनी जाहीर केले, "तिन्ही वाइन तपासू. जी पास होईल ती टेबलावर. बहीण नाही, बायको नाही."

तिसरी वाइन होती समोरच्या निवृत्त नर्सबाईंची. त्या बेदाण्यांची वाइन करत आणि ती दर वर्षी आम्हाला औषधाच्या जुन्या बाटलीतून देत. बाटलीवर मात्रेच्या खुणा तशाच असत. "दोन खुणा जेवणाआधी," असे त्या गंभीरपणे सांगत.

तपासणीसाठी पप्पांनी रविवारची दुपार निवडली. व्हरांड्यात डिसेंबरचे कोवळे, लोणकढी तुपासारखे ऊन पडले होते. तिन्ही बाटल्यांना कागद गुंडाळून, डोळे मिटून त्यांची अदलाबदल करून पप्पांनी त्यांवर अ, ब, क लिहिले. मग पुठ्ठ्याच्या तीन रंगांच्या चिठ्ठ्या कापल्या. कारखान्यातल्यासारख्याच. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्ती, लाल म्हणजे नापास. परीक्षक तिघे. पप्पा, नर्सबाई आणि मी. मी तेव्हा कॉलेजात मराठी घेऊन दुसऱ्या वर्षाला होते आणि वृत्ते पाठ असल्यामुळे माझी जीभ सूक्ष्म असणार, असा पप्पांचा काहीसा धाडसी समज होता.

आई आत करंज्या तळत होती. तो वास! खोबरे, वेलदोडा आणि तापलेले तूप यांची एक लाट दारातून बाहेर येई आणि आमच्यावरून जाई. आम्ही वाट पाहत बसलो होतो तेव्हा आईने ताटली पाठवली. प्रत्येकाने दोन दोन करंज्या खाल्ल्या. नर्सबाईंनी तीन.

मग आम्ही चाखू लागलो. 'अ' बेदाण्यांची आहे हे एका घोटात कळले. ती घट्ट आणि गोड होती, खोकल्याच्या औषधाची धाकटी बहीणच. 'क' गुळगुळीत, गोडसर होती, तिला गुलाबी वास होता. आणि 'ब'? 'ब' जिभेवर आली आणि तोंड आवळले. आंबट, तुरट, कच्च्या चिंचेसारखी.

"हिला काहीतरी झालंय," नर्सबाई म्हणाल्या. "उतरलीय."

पप्पांनी पुन्हा एक घोट घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि लाल चिठ्ठी उचलली. कागद सोडवले तेव्हा 'ब' च्या खालून आईची बाटली निघाली. हिरवी चिठ्ठी आत्याच्या बाटलीला लागली होती.

आई हातातला झारा घेऊन दारात उभी होती. तिने चिठ्ठ्यांकडे पाहिले.

"अगं, नियम म्हणजे..." पप्पांनी सुरुवात केली.

"मी काय म्हटलं काय? ठेवा खाटेखाली. फळं भिजतील." आणि आत वळता वळता, स्वतःशीच, माहेरच्या बोलीत, "लय शहाणे. काय कळत नाय न् बसलेत."

आई घोटीच्या बोलीत शिरली की घरात कोणी वाद घालत नसे. पप्पा उगाचच सायकल पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. बाजरीची भाकरी आणि बोंबलाची लालभडक चटणी. आई ताटाकडे पाहत जेवत होती. मला त्या बाटलीची दया आली की आईची, सांगता येणार नाही. मी उठून खाटेखालून बाटली काढली, लाल चिठ्ठीसकट, आणि पाण्याच्या भांड्यात थोडी ओतून घेतली.

"कशाला? नापास झालीय ना ती?"

"बघते तर खरं."

तोंडात चटणीचा जाळ होता. वरून घोट घेतला आणि मी थांबलेच. कालचा आंबटपणा कुठे गेला होता? तिखटाच्या आत तो शांतपणे जाऊन बसला होता. तुरटपणाने तेल पुसून काढले आणि मागे उरला फळाचा, पावसाळी, थोडासा लवंगेचा गंध. चुकीच्या जागी यती घेऊन वाचलेली ओळ कोणीतरी नीट म्हणून दाखवावी तसे झाले. शब्द तेच, पण आता चाल सापडली होती.

"आई, काल आम्ही आधी करंज्या खाल्ल्या!"

"मग?"

"तोंड गोड होतं. गोडावर ही आंबटच लागणार. बेदाण्यांची गोड, आत्याची गोड, म्हणून त्या बऱ्या लागल्या."

आईने माझ्या हातातले भांडे घेतले, एक घोट घेतला, भाकरीचा तुकडा खाल्ला, दुसरा घोट घेतला. तिच्या चेहऱ्यावर मी उजेडाची वाट पाहत होते, पण ती एवढेच म्हणाली, "तुझ्या पप्पांना सांग. मी सांगायची नाही."

पप्पा संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरले तसे मी त्यांना गाठले.

"एकदा लाल लागली की लागली," ते म्हणाले. "फेरतपासणी होत नाही."

"कधीच नाही?"

"मोजायचं यंत्रच चुकीचं निघालं तर होते."

"यंत्र चुकीचंच होतं, पप्पा. आपल्या जिभा. साखरेनं माखलेल्या."

पप्पा दारात चपला न काढताच उभे राहिले. मग त्यांनी जे केले, ते फक्त तेच करू शकत. हातपाय धुऊन ते पाटावर बसले, एक करंजी खाल्ली, आईची वाइन प्यायले आणि तोंड वेंगाडले. मिठाच्या पाण्याने चूळ भरली. चटणी-भाकरी खाल्ली, वाइन प्यायले. पुन्हा चूळ, पुन्हा करंजी, पुन्हा भाकरी. हा क्रम तीनदा झाला. आई ओट्याशी पाठ करून मेथी निवडत होती, पण तिची बोटे केव्हाच थांबली होती.

"तपासणीत चूक झाली," पप्पा अखेर म्हणाले. कारखान्यात हे वाक्य त्यांनी कधी उच्चारले असेल असे मला वाटत नाही. "ही मटणाबरोबर द्यायची. दुसरी करंज्यांबरोबर, शेवटी."

"वन्संना काय सांगणार?" आईने न वळताच विचारले.

"मी सांगेन."

नाताळच्या सकाळी उपासना आटोपून आम्ही चर्चमधून घरी आलो तेव्हा आत्या आणि काका मुंबईहून येऊन पोचले होते. आत्या रेशमी साडीत, अत्तराच्या मंद ढगात. टेबलावर मटणाचा रस्सा, पुलाव, कांदा-लिंबू, आणि मध्यभागी आईची बाटली. आत्याची नजर तिच्यावर पडली.

"दादा, माझी बाटली कुठाय?"

"आहे. शेवटी. गोडाबरोबर."

"आणि ही?"

"ही तिची."

"वहिनींची? अरे देवा! अहो, तुमचं परमिट जवळ आहे ना? प्रकृतीला काही झालं तर!"

काका हसले. आई पुऱ्यांचे पीठ मळलेले हात पुशीत दारात आली होती. मी ओतत होते. आत्याच्या ग्लासाबाहेर एक जांभळा थेंब सांडला. पांढऱ्या टेबलक्लॉथवर तो पसरत गेला आणि कोणीही तो पुसायला पुढे आले नाही.

आत्याने आधी घोट घेऊ नये, रस्सा खावा, असे मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण पप्पाच म्हणाले, "आधी मटण." धाकट्या बहिणीला ते लहानपणी असेच सांगत असावेत, कारण तिने मुकाट्याने पुरी मोडली, रश्शात बुडवली आणि खाल्ली. तिखट लागले तशी तिने ग्लास उचलला.

सगळे जण दुसरीकडेच पाहत असल्याचे नाटक करत होते. आत्याने घोट घेतला. पुन्हा रस्सा. पुन्हा घोट. मग ग्लास रिकामा झाला.

"वहिनी," ती म्हणाली, "तुमच्या घोटीला द्राक्षं कधीपासून पिकायला लागली?"

"द्राक्षं इथलीच आहेत, वन्सं. गारांनी मारलेली. तांदूळ तेवढा घोटीचा."

"तांदूळ? वाइनमध्ये?"

"गहू चालतो तर तांदळानं काय पाप केलंय?"

"चव वेगळी आहे," आत्या म्हणाली. तिच्याकडून याहून मोठे शब्द निघणार नव्हते, हे आम्हा सर्वांना कळले. काकांनी मात्र आपला ग्लास आधीच पुढे सरकवला होता, आणि त्यांच्या मागोमाग, जरा अवघडून, आत्याने आपलाही सरकवला. "अर्धाच हं."

मी पूर्ण भरला.

आणि मग आईने असे काही केले, जे मी तोवर पाहिले नव्हते. पाहुणे जेवत असताना ती नेहमी स्वयंपाकघरात असे. गरम पुऱ्या वाढायच्या, सगळ्यांचे झाले की मग आपले पान. त्या दिवशी तिने कोपऱ्यातली खुर्ची ओढली, आत्याच्या शेजारी, अगदी कोपराला कोपर लागेल अशी, आणि बसली. स्वतःच्या हाताने ग्लास भरून घेतला आणि पुलाव वाढून घेतला.

पुऱ्यांची टोपली रिकामी झाली होती.  मग पप्पा उठले. आतून लाटण्याची खडखड आली, मग तेलाचा चर्र आवाज, मग एक दबलेली हाय.

पहिली पुरी आली ती त्रिकोणी होती. दुसरी फुगली नाही. तिसरीच्या वेळी दारातून निळसर धूर येऊ लागला आणि आत्या नाकाला पदर लावून ओरडली, "दादा, करपतंय! अहो वहिनी, उठा ना, तेल पेटेल!"

आईने ग्लास तोंडाला लावला, सावकाश घोट घेतला आणि लिंबाची फोड आत्यापुढे केली.

"स्टोव्ह बारीक करा हो," तिने बसल्या जागेवरूनच आत हाक दिली. "आणि वन्संना गरम पुरी द्या."